घोटभर चहा

"औषध आत गेलं की छातीवर दाब येईल," तंत्रज्ञ म्हणाला. "धाप लागेल, चेहरा तापेल. काहींना वाटतं, आपण आता मरतोय. तसं वाटलं तरी घाबरायचं नाही, काकू. औषध बंद केलं की मिनिटाभरात सगळं जातं."

बसचा कंडक्टर पुढचा थांबा सांगतो तितक्या सहज तो हे सांगत होता. लोखंडे नावाचा हा तरुण मला काकू म्हणत होता आणि त्याचा मला राग येत नव्हता, इतकी मी भेदरले होते. माझ्या दोन्ही हातांच्या शिरांत सुया होत्या, छातीवर पट्ट्यांनी बांधलेली जाड चौकट, कानांवर हेडफोन. उजव्या मुठीत त्यानं एक रबरी फुगा दिला. अगदीच सोसेना झालं तर तो दाबायचा. मग पाटा सरकला आणि मी एमआरआयच्या बोगद्यात गेले.

छत नाकापासून वीतभरावर होतं. पत्र्याच्या पिंपावर कुणी आतून ठोकत असावं तसा आवाज सुरू झाला. मी खो-खो शिकवणारी बाई. चौकोनात बसलेल्या मुलीला मी वर्षानुवर्षं एकच सांगत आले होते: मागून खो मिळेपर्यंत उठायचं नाही, मान वळवायची नाही. तशी मी पडून होते. पाठीत थाप कधी बसते याची वाट बघत.

"औषध सुरू करतोय," कानात लोखंडेचा आवाज आला.

मी फुगा घट्ट धरला. डोळे मिटले. काही झालं नाही.

"काही होतंय का, काकू?"

"नाही."

"छातीत दाब? धाप?"

"नाही."

"छान. आता श्वास घ्या. सोडा. थांबवा."

मी श्वास थांबवला. 'छान' या शब्दानं मला त्या दिवसातली पहिली खरी भीती वाटली.

दोन वर्षं मला छातीत दुखत होतं. विट्याला मुलींच्या शाळेत मी क्रीडाशिक्षिका होते. धावताना क्वचित दुखायचं. धावून झाल्यावर, खुर्चीत बसल्यावर, कुणाशी वाद झाल्यावर, थंडीत सकाळी अंगण झाडताना दुखायचं, आणि एकदा सुरू झालं की लवकर थांबायचं नाही. सांगलीला अँजिओग्राफी झाली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, नळ्या स्वच्छ आहेत, कुठेही अडथळा नाही. माझे यजमान दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. शाळेत पेढे वाटले गेले. आणि त्या दिवसापासून माझं दुखणं खोटं ठरलं.

कुणी तोंडावर खोटं म्हटलं नाही. जिभेखाली ठेवायची गोळी दिली होती, तिनं दुखणं थांबत नव्हतं. त्यावरून सगळ्यांनी एकच अनुमान काढलं: हृदयाचं असतं तर गोळीनं थांबलं असतं. मग तो गॅस झाला. गॅसची औषधं संपल्यावर वय झालं, वयानंतर मन झालं. मुख्याध्यापिकाबाईंनी प्रेमानं ध्यानाच्या शिबिराचा पत्ता दिला. मी सांगणं बंद केलं. मैदानावर कळ आली की मी खांबाला टेकून शिट्टी तोंडात धरायची. मुलींना वाटायचं, बाई आता वाजवणार.

भीतीचं खरं कारण मी यजमानांनाही सांगितलं नव्हतं. आमची आईही अशीच छातीवर हात ठेवून चुलीपुढं बसायची. घरात त्याला पित्त म्हणत. एका सकाळी ती तशीच बसलेली राहिली. ती गेली त्या वयाला मी येऊन पोचले होते.

पुण्याच्या डॉ. नसरीन मुजावर यांचं नाव मला शाळेतल्या एका बाईंच्या भावानं दिलं. त्या मूळच्या मिरजेच्या. पहिल्या भेटीत त्यांनी माझी सांगलीची सीडी पाहिली, बाजूला ठेवली आणि विचारलं, "धावताना दुखतं की बसल्यावर?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता.

त्यांनी समजावून सांगितलं. अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाच्या अंगावरून जाणाऱ्या मोठ्या नळ्या. त्यांना फुटणाऱ्या, केसाहून बारीक अशा असंख्य नळ्या आत मांसात शिरतात, त्या त्या चित्रात येतच नाहीत. गरज पडेल तेव्हा त्या रुंदावायला हव्यात. काही जणांच्या, विशेषतः बायकांच्या, त्या रुंदावत नाहीत, उलट आवळतात. मग मोठी नळी स्वच्छ असूनही हृदय उपाशी राहतं. जिभेखालची गोळी मुख्यतः मोठ्या नळ्यांवर काम करते, म्हणून या दुखण्यात ती बऱ्याचदा फसते.

"मग मला तेच असेल," मी म्हणाले.

"असेल. पण मी अंदाजानं गोळ्या देत नाही. आधी दिसू दे. नळ्या रुंदावणारं औषध देऊन चित्र काढू. जिथं रक्त पोचणार नाही तिथं काळं दिसेल."

"आणि नाही दिसलं तर?"

"तर तसं लिहीन. मग हृदय सोडून दुसरीकडे शोधावं लागेल."

दुसरीकडे म्हणजे कुठे, ते मला ठाऊक होतं. परत सगळं मनाचंच ठरलं असतं. उपचार होणार नव्हते, आणि आईचं झालं तेच माझं झालं असतं, हातात दोन-दोन स्वच्छ रिपोर्ट घेऊन.

म्हणून बोगद्यात पडल्या पडल्या मी त्या दुखण्याची वाट पाहत होते. दोन वर्षं ते न बोलावता येत होतं, आणि नेमकं त्या दिवशी आलं नाही.

बाहेर बाकावर आक्का बसली होती. वत्सलाआक्का माझी थोरली बहीण. हडपसरला राहायची, भावजी गेल्यापासून डबे करून द्यायची. यजमानांच्या कारखान्यात गळीत हंगाम चालू होता, त्यांना रजा नव्हती, म्हणून मी तिच्याकडे उतरले होते. दवाखान्याचा आदल्या दिवशीचा फोनही तिनंच घेतला होता. फोन ठेवून मला म्हणाली होती, "उद्या उपाशी यायचंय म्हणे." सकाळी तिनं आलं घालून चहा केला, घोटभर मला, घोटभर तिला, बिस्किटाचा डबा मुद्दाम वर ठेवून दिला, आणि आम्ही निघालो. दारातल्या नर्सनं विचारलं, उपाशी आहात ना, सूचना मिळाल्या होत्या ना? दोन्हीला आक्का हो म्हणाली. मीही मान हलवली.

लोखंडे बाहेर आला आणि म्हणाला, काकूंना काहीच त्रास झाला नाही, झकास झालं.

आक्कानं माझे दोन्ही हात धरले. तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळे भरून आले होते. "मी म्हणत नव्हते? गॅस गं, गॅस. आईला पण गॅसच होता. आपल्या घराण्याचं पोटच तसलं." तिनं तिथूनच यजमानांना फोन लावला, भाच्याला लावला, शेजारणीला लावला. माझ्यासाठी तिला एवढा आनंद व्हावा याचं मला बरं वाटायला हवं होतं. मला एकटं वाटलं.

दुपारी डॉक्टरांनी आत बोलावलं. त्या संगणकाच्या पडद्याकडे पाहत होत्या.

"औषध चालू असताना काय वाटलं?"

"काही नाही."

"चेहरा तापला? घशात आवळल्यासारखं?"

"नाही."

"नाडीपण वाढलेली नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी पेन उचललं. मला वाटलं, आता लिहिणार. त्यांनी पेनाचं टोक पडद्यावर टेकवलं. हृदयावर नाही, पार कडेला, एका उजळ करड्या डागावर.

"ही तुमची प्लीहा. पोटात डाव्या बाजूला असते. हिचा तुमच्या दुखण्याशी संबंध नाही. पण हे औषध लागू पडलं की हिचं रक्त कमी होतं आणि चित्रात ती काळी पडते. तुमची उजळच आहे." त्यांनी खुर्ची आमच्याकडे वळवली. "औषध अंगात गेलं, पण लागू पडलं नाही. सकाळी चहा घेतला होता का?"

मी आक्काकडे पाहिलं. आक्का भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती.

"घोटभर," ती म्हणाली.

"फोनवर सांगितलं होतं ना, चोवीस तास चहा-कॉफी नाही?"

"उपाशी या म्हणाले. मग चहाचं काय? आम्ही एकादशीला घेतो, चतुर्थीला घेतो. चहा उपासाला चालतो."

डॉक्टर पहिल्यांदाच हसल्या. "आमच्या रोज्याला नाही चालत, आक्का. आणि माझ्या या औषधालाही नाही. चहात जे असतं ते औषधाची जागा आधीच अडवून बसतं."

"मग हा रिपोर्ट?" मी विचारलं.

"रिपोर्टच नाही हा. परवा परत या. उद्या सकाळपासून चहा, कॉफी, चॉकलेट, कोला, काही नाही."

मला सुटल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, आता ते खरंच होणार होतं. आक्का उठली नाही.

"एकदा चांगलं आलंय ना," ती म्हणाली. "परत कशाला उकरायचं? धडधाकट माणसाला मुद्दाम मरायला टेकवायचं म्हणजे..."

"आक्का, चांगलं आलेलं नाही. काहीच आलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या.

रिक्षानं आम्ही आक्काकडे परतलो. तिच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. पहिल्या वळणावर ती थांबली, पिशवीत किल्ली शोधू लागली. दुसऱ्या वळणावर पदर सारखा केला. सकाळी उतरताना मला वाटलं होतं, ही माझ्यासाठी सावकाश चालतेय. आता मी तिच्या पुढं होते.

घरात शिरल्यावर ती बोलली. तुला आजारच हवाय का, असं तिनं विचारलं. नवरा चांगला, नोकरी चांगली, रिपोर्ट चांगला, तरी तुला समाधान नाही. उद्या ते म्हणाले हार्ट आहे, मग काय करणार आहेस? मैदान सोडशील? चुलीपुढं बसशील, आईसारखी?

"आई औषधाविना गेली," मी म्हणाले.

"आई सुखानं गेली. शेवटपर्यंत तिला माहीत नव्हतं, काय झालंय ते."

 तिनं डब्यांसाठी कणीक मळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा चहाचं भांडं पालथं घातलेलं होतं. मला वाटलं, तिनं आधीच घेतला असेल. पण दहाच्या सुमाराला ती कपाळाला ओढणीची चिंधी घट्ट बांधून पोळ्या लाटताना दिसली.

"तू कशाला सोडलास?" मी विचारलं.

"एकटीला कसं पिववेल? तू बघत बसणार." मग म्हणाली, "डोकं असं ठणकतंय, माहीत असतं तर एकादशीला पण सोडला असता, पुण्य तरी मिळालं असतं."

मी हसले. त्या दिवसात तेवढंच. संध्याकाळी दिवा लावून ती माझ्याजवळ येऊन बसली. टीव्ही चालू होता, आवाज बंद करून ठेवलेला.

"सुमे, तुझं दुखतं ते नेमकं कसं?"

दोन वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं, इथं मध्ये, जड.

"भरलेली कळशी ठेवल्यासारखं."

"हो."

"आणि मग डाव्या जबड्यात चढतं. दाढ दुखतेय असं वाटतं."

"हो," मी म्हणाले. जबड्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. "तुला कसं माहीत?"

"आई म्हणायची," असं म्हणून आक्का उठली आणि दुसऱ्या दिवसाची भाजी निवडायला घेतली.

मला ते पटलं. आई स्वतःचं कधी काही सांगायची नाही, हे मला ठाऊक असूनही पटलं. माझं सगळं ध्यान दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत अडकलं होतं.

तोच पाटा, तोच फुगा. लोखंडेनं या वेळी एकेक करून विचारलं, चहा? नाही. कॉफी? नाही. चॉकलेट? नाही. डोकेदुखीची गोळी? नाही. मग म्हणाला, आज काकू, मनाची तयारी ठेवा.

"औषध सुरू करतोय."

आधी कान तापले. मग तो ताप गालांवरून गळ्यात उतरला आणि घसा आवळला. मी श्वास घेतला, तो पुरला नाही. दुसरा घेतला, तोही पुरला नाही. हृदय उधळलेल्या जनावरासारखं धावू लागलं आणि मग ती कळशी आली. रोजच्यासारखी हळूहळू नाही. कुणीतरी वरून ठेवली, आणि मग त्यावर उभं राहिलं. जबडा, दाढ, डावा दंड. मला स्पष्ट वाटलं की आईला शेवटी हेच झालं. ती सुखानं गेली नव्हती. तिच्याजवळ ओरडायला श्वासच नव्हता.

"काकू, काय होतंय?"

"दुखतंय."

"नेहमीचंच?"

"नेहमीचंच. जास्त."

"थांबवू?"

फुगा माझ्या मुठीत होता. दाबला की सगळं थांबणार होतं, औषधही आणि चित्रही. मी मूठ उघडली. बोटं पसरून हात पाट्यावर सपाट ठेवला, म्हणजे भीतीनं आपोआप दाबला जायला नको.

"नको," मी म्हणाले. "चित्र काढ."

"श्वास घ्या. सोडा. थांबवा."

श्वास नव्हताच, तो मी थांबवला. यंत्र ठोकत होतं. चौकोनातल्या पोरीसारखी मी हलले नाही. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग लोखंडेचा आवाज आला, "बंद केलं," आणि खरोखर, कळशीवरचं ते माणूस उतरलं, मग कळशी उचलली गेली. मी रडले. पुसता येत नव्हतं, पाणी कानांत गेलं.

दुपारी डॉक्टरांनी दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. आक्का माझ्या मागं खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती, बस म्हटलं तरी बसली नव्हती.

"ही प्लीहा. आज काळी. म्हणजे औषध लागू पडलं." पेन सरकलं. "आता हे हृदय. हे मांसाचं कडं. आतल्या बाजूनं बघा."

उजळ कड्याला आतून चौफेर एक काळी किनार होती, सारवताना सुटलेल्या पट्टीसारखी.

"विश्रांतीच्या चित्रात ही नाही. औषध दिल्यावर मोठ्या नळ्यांतून रक्त आलं, पण आतल्या थरापर्यंत पोचलं नाही. तुमचं दुखणं हे आहे, सुमित्राताई. दोन वर्षं तुम्ही खरं सांगत होतात."

मी त्या किनारीकडे पाहत राहिले. वर्षानुवर्षं ज्याची भीती बाळगली ते अखेर इतकं बारीक असेल असं वाटलं नव्हतं. मी विचारलं, मी मरेन का याच्यानं?

त्यांनी खोटा धीर दिला नाही. धोका आहे, दुर्लक्ष केलं तर जास्त आहे, म्हणाल्या. हे कापून काढता येत नाही, स्प्रिंग घालता येत नाही. पण नळ्यांचं आवळणं कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, कोलेस्टेरॉलची एक आहे, रक्तदाब आणि साखर मुठीत ठेवायची आहे. पहिली गोळी जमली नाही तर दुसरी बघू. थंडीत सकाळी एकदम अंगमेहनत नको. मैदान सोडायचं नाही, फक्त पळण्याआधी बराच वेळ चालायचं आणि रोज थोडं वाढवायचं. "पुष्कळ बायका यातून नीट जगतात," त्या म्हणाल्या. "ज्यांना नाव कळतं त्या."

त्यांचं खरं ठरलं. वर्षं लोटली, दुसऱ्या गोळीनं मला उतार पडला, निवृत्त होईपर्यंत मी मैदानावर होते. पण त्या दुपारी मला ते ठाऊक नव्हतं. मी चिठ्ठी घेतली, पिशवी उचलली. डॉक्टरांनी घंटीकडे हात नेला, पुढच्या पेशंटसाठी.

"डॉक्टरीणबाई," माझ्या मागून आक्का म्हणाली, "हे घराण्यात असतं का?"

"कधी कधी असतं. का?"

मी वळून पाहिलं. तिनं खुर्चीची पाठ अजून सोडली नव्हती. दुसरा हात पदराखाली होता, छातीवर. तो हात तिथं किती वर्षं होता, ते मला आत्ता दिसलं. जिन्यातली किल्ली, पदर, परवाचं ते हसू, ते फोन.

"नाही, म्हणजे," ती म्हणाली, "मी पण कालपासनं चहा घेतलेला नाही."